मदत हवी आहे: घरातल्या शेवंतीला कळ्या आल्यात, आता प्रकाश आणि खत कसं सांभाळू?

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहते. ऊन फारसं येत नाही, म्हणून शेवंतीच्या कुंड्या आतल्या खोलीत एलईडी ग्रो लाइटखाली ठेवल्या आहेत. शेवंती लहान दिवसाचं झाड, तिला फुलायला लांब, अखंड रात्र लागते. त्यामुळे टायमरवर १० तास प्रकाश आणि १४ तास अंधार ठेवलाय. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येऊ नये म्हणून खिडकीला जाड काळा पडदा आहे. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी झाड रात्र लहान समजतं, म्हणून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आता हरभऱ्याएवढ्या कळ्या दिसतायत. कळ्यांना रंग येईपर्यंत अंधार असाच पाळायचा, की आता सैल सोडलं तर चालेल? कोणी स्वतः करून पाहिलं असेल तर नक्की सांगा.

दुसरं, भुरीची (पानांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीचा रोग) धास्ती वाटते. बंद खोलीत दमटपणा साठतो. छोटा पंखा लावलाय, पाणी सकाळी बुडाशीच देते. आपल्याकडे द्राक्षवाले भुरीवर पाण्यात मिसळणारं गंधक फवारतात, पण घरात, तेही कळ्यांवर, ते नको वाटतं. दुसरा काही उपाय?

युरिया बंद केलाय. ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) द्यायचा विचार आहे. कुंडीला प्रमाण किती ठेवू? पाडव्याला देवापुढे घरची फुलं वाहायची फार इच्छा आहे.