शब्दचर्चा : नोटीस ‘देणे’ की ‘बजावणे’, आणि ‘भोगवटादार’ म्हणजे कोण?

प्रश्न : आगीचा धोका दूर करण्याबद्दलची नोटीस मराठीत लिहितो आहे. ‘नोटीस देणे’ लिहू की ‘बजावणे’? ‘अबेटमेंट’ला, म्हणजे धोका दूर करण्याला, ‘शमन’ चालेल का? शिवाय ‘भोगवटादार’ हा शब्द लोकांना कळतो का, अशीही शंका आहे.

उत्तर : ‘बजावणे’च लिहा. आपण कर्तव्य बजावतो, मतदानाचा हक्क बजावतो, मुलाला बजावून सांगतो. प्रत्येक ठिकाणी काम तडीस नेल्याचा किंवा ठासून सांगितल्याचा भाव आहे, तो ‘देणे’त नाही. नोटीस बजावली म्हणजे ती ठरल्या रीतीने पोचली आणि तशी नोंद राहिली : कोणी घेतली, कधी घेतली, सही केली की नकार दिला. दाराला कुलूप असेल तर ‘दर्शनी भागावर डकवली’ असं लिहितात. हे ‘डकवणे’ मला फार आवडतं. ‘चिकटवणे’ कशालाही चालतं, पण ‘डकवली’ म्हटलं की दारावरचा कागद डोळ्यांपुढे येतो.

‘शमन’ नको. आग लागल्यावर करायचं ते शमन. ही नोटीस आग लागू नये म्हणून आहे, तेव्हा ‘निवारण’ बरं. तेही शीर्षकापुरतंच ठेवा. खाली ‘अडथळ्यांचे निवारण करण्यात यावे’ लिहिलंत तर कोणी जागचं हलणार नाही. ‘जिन्यातली खोकी आणि सायकली काढा, गच्चीच्या दाराचं कुलूप काढा’ असं लिहा.

खरी अडचण ‘भोगवटादार’ची आहे. शब्द चांगला आहे; भोगवटा म्हणजे प्रत्यक्ष ताबा आणि वापर. पण लोकांना तो भेटतो सातबाऱ्यावर. तिथे ‘भोगवटादार वर्ग 1’ म्हणजे व्यवहारात जमिनीचा मालकच. त्यामुळे गाळा भाड्याने घेतलेला माणूस ‘भोगवटादार’ वाचतो आणि नोटीस मालकाची समजून बाजूला ठेवतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 मध्ये मात्र मालक आणि भोगवटादार हे वेगळे आहेत. आगीपासून बचावाची व्यवस्था करणं हे मालकाचं काम, आणि मालकाचा ठावठिकाणा लागत नसेल तर भोगवटादाराचं. तपासणीत त्रुटी आढळल्या तर नोटीस दोघांपैकी कोणालाही निघू शकते. आग लागली की आत असतो तो भाडेकरू, म्हणून हा शब्द त्याला कळलाच पाहिजे.

प्रश्न : मग सरळ ‘भाडेकरू’ किंवा ‘रहिवासी’ लिहिलं तर?

उत्तर : अपुरं पडेल. गोदामात कोणी राहत नाही, म्हणजे तिथे रहिवासी नाही. भावाने भावाला फुकट वापरायला दिलेल्या जागेत भाडेकरू नाही. ‘कब्जेदार’ म्हटलं तर जागा बळकावल्याचा वास येतो आणि माणूस पहिल्या ओळीलाच चिडतो.

‘भोगवटादार’ ठेवा, कारण कायद्याचा शब्द तोच आहे. पहिल्यांदा येईल तिथे पुढे कंसात लिहा : ‘म्हणजे ही जागा सध्या प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती, मग ती मालक असो वा नसो’. एक ओळ वाढेल, पण ‘हे माझ्यासाठी नव्हतं’ असं म्हणायला जागा राहणार नाही.