भाषण ऐकताना आपण वाहवत चाललोय हे ओळखायचं कसं?

मांडवीकाठ
नमस्कार. गेल्या रविवारी आमच्या ग्रामसभेत डोंगरावरच्या एका प्रोजेक्टचा विषय होता, कंपनीतर्फे एकजण बोलायला आलेला आणि काय बोलला म्हणून सांगू, मी विरोध करायला गेलेली आणि टाळ्या वाजवून आले. घरी हुमण ढवळताना आठवलं की झरीच्या पाण्याचं विचारायचं राहूनच गेलं! त्याची तीन वाक्यं अजून डोक्यात आहेत: "विकास हवा की पोरांनी परदेशात जायला हवं?", "रस्ता येईल, रोजगार येईल, सन्मान येईल" आणि "थोडी झाडं काढली जातील". शाळेत अनुप्रास, यमक, उत्प्रेक्षा घोकलेलं पण ते सगळं कवितेपुरतं. भाषणात हे ऐकता ऐकता कसं पकडतात? पुढच्या महिन्यात परत सभा आहे.

जुना मास्तर, डिचोली
ताई, तुम्ही वाक्यं लक्षात ठेवलीत इथंच अर्धं काम झालं.

पहिल्यात त्यानं दोनच दारं दाखवली. अशा वेळी तिसरं आहे का बघायचं. १६ जानेवारी १९६७ चा आपल्या गोव्याचा जनमत कौल आठवा, फूल की दोन पानं, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली, पण घटक राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच आणि ३० मे १९८७ ला आपण झालो ते घटक राज्यच. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती बांधलं जातं बघा.

दुसरी तिकडी. तीनदा तेच क्रियापद आलं की कानाला ताल लागतो आणि तालात तिन्ही गोष्टी सारख्याच खात्रीच्या वाटतात. पण रस्ता मोजता येतो, नोकऱ्या मोजता येतात, सन्मान कसा मोजणार? म्हणून तिकडी फोडायची, एकेक सुटं विचारायचं, रस्ता कधी, नोकऱ्या किती आणि कुणाला.

तिसरं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं कारण त्यात काहीच नटवलेलं नाही. "काढली जातील" हा कर्मणी प्रयोग, त्यात तोडणारा गायब. आणि "थोडी" म्हणजे दहा की हजार?

काजूबी
मास्तरांचं पटलं पण एक सांगावंसं वाटतं, अलंकार दिसला म्हणजे माणूस खोटाच असं धरू नका. पुण्यातल्या प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर इंग्रज सरकारनं पुण्यावर राग काढला तेव्हा टिळकांनी १८९७ मध्ये केसरीत विचारलं, सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय? उत्तर नकोच असलेला प्रश्न, पण लोक जे भोगत होते ते खरं होतं. चर्चिलचं ४ जून १९४० चं भाषण घ्या, "आम्ही लढू" परत परत येतं, पण त्याच भाषणात डंकर्कहून सैन्य सोडवून आणलं म्हणजे युद्ध जिंकलं असं होत नाही हेही तो स्पष्ट सांगतो. अडचणीची गोष्ट बोलणारा स्वतःहून सांगतो का, मी आधी तेच बघते.

पेडण्याचा
"आपण" कितीदा म्हणतो ते मोजा. बाहेरून आलेला माणूस "आपला गाव, आपण गोंयकार" सुरू करतो तेव्हा तो आधी आपला होऊन घेतो, मुद्दा मग. ॲरिस्टॉटलनं हे केव्हाच मांडून ठेवलंय, माणूस तीन गोष्टींनी पटतो, बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. सभेत वही न्या, प्रत्येक वाक्य साध्या भाषेत परत लिहा, आकडा आणि कर्ता उरला तर तो युक्तिवाद, नाहीतर बाकीचे दोन.

मांडवीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आता वहीत त्याची तीन वाक्यं परत लिहून बघितली तर तिसऱ्यापुढं आकडाही नाही आणि कर्ताही नाही. म्हणून सभेत पहिला हात माझा: किती झाडं, कोण तोडणार, आणि मे महिन्यात झरीला पाणी राहील हे कागदावर लिहून देणार का.