डॉमिनोचा ट्रिम स्टॉप घ्यावा का? शटरच्या बारीक फ्रेमसाठी

रविवारचा_सुतार, मुलुंड

नमस्कार मंडळी, पैशाचा प्रश्न आहे, शिव्या घाला पण उत्तर द्या.

माझ्याकडे फेस्टूलचं डॉमिनो डीएफ 500 आहे, म्हणजे लाकडात लांबट खाच मारायचं मशीन; दोन तुकड्यांच्या खाचांत एक चपटा लाकडी तुकडा, त्यालाही डॉमिनोच म्हणतात, चिकटवून सांधा करायचा. मामेभाऊ जर्मनीत असतो, त्याने सेकंडहँड आणून दिलं, 230 व्होल्टचंच असल्यामुळे नुसती पिन बदलून मस्त चालतंय. आता तो गणपतीला येतोय आणि विचारतोय अजून काय आणू, आणि माझ्या डोक्यात दोन गोष्टी घुसून बसल्यात. एक ट्रिम स्टॉप, म्हणजे फेन्सला (मशीनच्या तोंडावरची, लाकडावर टेकणारी पट्टी) दोन बाजूंनी लागतो आणि बारीक पट्टी मधोमध धरतो तो, आणि दुसरा क्रॉस स्टॉप, लांब फळीवर सारख्या अंतराने खाचा मारायला. दोन्ही मिळून जे पैसे होतात तेवढ्यात बॉशचा ट्रिमर येईल, वर बिटांचा सेट पण येईल राव! बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही.

काम असं आहे की बहिणीच्या दादरच्या घरी माळ्याची आणि किचनची शटर करायचीत. फ्रेम जुन्या सागाची, रे रोडला चिरून रंधा मारून आणलीय, 38 मिमी रुंद आणि 20 जाड. आडव्या पट्टीच्या टोकाला खाच मारायला गेलो की मशीन डावीउजवीकडे डुगडुगतं, कारण पट्टी 38 ची आणि मशीनचं तोंड केवढं मोठं, टेकायला जागाच नाही. एक फ्रेम जुळवून बघितली तर आडवी पट्टी उभीच्या वर नखभर आली होती. अजून ढीगभर शटर बाकी आहेत. घेऊ का? आणि घेतलं तर दोन्ही की एकच?

पटाशीवाला

20 जाडीच्या सागाला कूस (टोकाला खाचेत बसणारी जीभ) काढायला गुण्या, करवत आणि 6 ची पटाशी पुरते. पण मशीन घेऊन बसलाच आहात तर आता स्टॉपचे पण पैसे भरा, हौसेला मोल नाही 😄

सागवानी

दादा, थांबा जरा, ऑर्डर देऊ नका अजून. तुमची जाडी 20 मिमी म्हणताय ना, मग तुम्हाला या कामात फेन्सच लागत नाही, तर फेन्सला लावायचा स्टॉप कशाला हवाय.

डीएफ 500 च्या तळापासून कटरचा मध्य बरोबर 10 मिमीवर असतो. म्हणजे 20 ची पट्टी सपाट टेबलावर आडवी ठेवली, फेन्स वर उचलून टाकली आणि मशीन त्याच टेबलावर टेकवून आत ढकललं की खाच आपोआप जाडीच्या मधोमध येते. तुमची नखभर वर येते ती बहुतेक यामुळेच, तुम्ही फेन्स पट्टीवर टेकवताय आणि मागचं हँडल धरून दाबताय, मग मशीन मागे झुकतं आणि खाच तिरकी जाते. टेबलावर ठेवल्यावर झुकायला वावच नाही. आणि समजा रंध्यात जाडी 20 च्या ऐवजी 19.5 आली तरी बिघडत नाही, फक्त सगळ्या पट्ट्यांच्या दर्शनी बाजूला पेन्सिलने खूण करायची आणि ती बाजू कायम खाली. मध्य थोडा चुकला तरी दोन्ही तुकड्यांत सारखाच चुकतो, त्यामुळे दर्शनी बाजू सपाट मिळते.

राहिला डावंउजवं प्रश्न. त्याला 12 च्या प्लायचा तुकडा घ्या, असेल कुठेतरी पलंगाखाली पडलेला. त्यावर दोन पट्ट्या स्क्रूने अशा बसवा की मध्ये 38 ची पट्टी दाबून सरकेल, सैल नको. त्याच प्लायवर मागच्या बाजूला अजून दोन पट्ट्या, ज्यांच्या मध्ये मशीन पुढेमागे सरकेल पण बाजूला हलणार नाही. मशीनच्या तोंडावरची मधली खूण आणि 38 चा मध्य जुळवायचा, रद्दी लाकडावर मारून बघायचं, मग स्क्रू घट्ट करायचे. वरून एक टॉगल क्लॅम्प, दांडी दाबली की पट्टी घट्ट धरणारा, नागदेवी स्ट्रीटला मिळतो. झाला तुमचा ट्रिम स्टॉप, आणि खरं सांगू का, या कामाला कंपनीच्यापेक्षा चांगला, कारण यात पट्टी पण बांधलेली आणि मशीन पण.

उभ्या पट्टीला हा जिग, म्हणजे प्लायचा साचा, लागत नाही. तिथे टेबलावरच, पेन्सिलची खूण जुळवून.

आणखी एक, सगळ्या खाचा घट्ट मारू नका. रुंदीचा नॉब तीन ठिकाणी फिरतो, कटरच्या मापात 13, 19 किंवा 23 मिमी मिळवले की खाचेची रुंदी येते. आडव्या पट्टीत सगळ्यात बारीक ठेवा, 6 चा कटर म्हणजे 19 मिमीची खाच, 38 मध्ये दोन्हीकडे साडेनऊ लाकूड उरतं. उभ्या पट्टीत मधली सेटिंग. मग जुळवताना दोन्ही बाजूंना तीनतीन मिमी सरकवता येतं आणि पेन्सिलची खूण केसभर इकडेतिकडे झाली तरी कडा बोटाने चाचपून फ्रेम गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणता येते. अहो याच्यासाठीच तर एवढं महाग मशीन घेतो आपण.

वसईचं_वर्कशॉप

सागवानी ताईंचं गणित बरोबर आहे पण मी थोडा विरोधात बोलणार. आमच्याकडे ट्रिम स्टॉप आहे आणि तो वसूल झालाय. कारण आमच्याकडे आज 38 ची पट्टी, उद्या 50 ची, परवा खुर्चीचा 30 चा पाय, प्रत्येकासाठी कोण प्लाय कापत बसणार? तो 22 पासून 70 मिमीपर्यंत कुठल्याही रुंदीला लागतो, आणि हेल्परच्या हातात मशीन दिलं तरी खाच मधोमधच येते. पोरगा नवा असला की हे फार कामाचं. पण हे धंद्याचं बोलतोय मी, हौशी माणसाने एकाच मापाच्या शटरसाठी घ्यावा असं नाही म्हणणार.

क्रॉस स्टॉप मात्र अजिबात घेऊ नका. 100 ते 205 मिमी अंतराला तो चालतो, कपाटाच्या बाजूला ओळीने खाचा मारायच्या तर ठीक, तुमच्या शटरच्या कोपऱ्यात एकच खाच आहे, अंतर मोजायचंच कुठे. आमचा ड्रॉवरमध्ये पडून आहे. कपाटाला पण आम्ही प्लायची एक लांब पट्टी घेतो, तिच्यावर खुणा, ती दोन्ही फळ्यांना लावून पेन्सिलने उतरवतो. पहिली खाच घट्ट, बाकीच्या सैल. झालं काम.

आणि तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाहीत, सक्शन काय लावताय?

रविवारचा_सुतार, मुलुंड

सक्शन? नाही लावत हो. बाल्कनीत करतो, नंतर झाडू मारतो. त्याने काय फरक पडतो?

वसईचं_वर्कशॉप

अरे देवा. तिथेच तर पैसे टाका! हा कटर फिरता फिरता डावीउजवीकडे झुलत पण असतो, त्यामुळे भुसा खाचेच्या कोपऱ्यात ठासून बसतो. वरून खाच रिकामी दिसते, आत तळाला भुशाची चकती असते, डॉमिनो पूर्ण आत जात नाही आणि मग क्लॅम्प कितीही आवळा, सांध्यात फट राहते ती राहतेच. लोक मशीनला दोष देतात. सागाची धूळ छातीलाही चांगली नाही, आणि दुपारी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर गेली तर सोसायटीची मीटिंग लागेल ती वेगळीच.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर पण चालतो. नळी बसली नाही तर मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, दोन्हीकडून क्लिप. पिशवी लवकर भरते तेवढं बघा. आणि आत हळू ढकला, घाई केली की खाच ओबडधोबड येते.

पटाशीवाला

मगाशी चेष्टा केली, आता कामाचं लिहितो. तुम्ही ऑगस्ट सप्टेंबरमध्ये मुंबईत जोडणार म्हणजे डॉमिनोंचा डबा उघडा ठेवू नका. ते बीच लाकडाचे असतात, हवेतला ओलावा पितात आणि फुगतात, मग कोरडेच खाचेत जात नाहीत, फेविकॉल लावल्यावर तर विचारू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. फुगलेच असतील तर मायक्रोवेव्हमध्ये थोडे थोडे गरम करून बघा, मायक्रोवेव्हजवळून हलू नका मात्र.

साग तेलकट असतो म्हणून चिकटवायच्या आधी सांध्याचा भाग थिनरने पुसा, वाळला की लगेच फेविकॉल. किचनच्या शटरला साधा नको, पाण्याला टिकणारा मरीन लावा. आणि डॉमिनो विकतच हवेत असं पण नाही, सागाच्याच उरलेल्या कापटीतून 6 जाडीची पट्टी रंधून कडा गोल केल्या आणि 40 वर तुकडे पाडले की तेच काम होतं. हे सांगायला मला बरं वाटत नाही पण होतं.

रविवारचा_सुतार, मुलुंड

काल रात्री ताईंनी सांगितलं तसा प्लायचा जिग केला, नळीला सायकलची ट्यूब लावली. रद्दी पट्टीवर मारून बघितलं, खाचेत बांबूची काडी घालून खरवडली तर तळ स्वच्छ, आधी यातून चिमूटभर भुसा निघायचा. जोडल्यावर वरून बोट फिरवलं तर सांधा लागतच नाही हाताला. फक्त टॉगल क्लॅम्पचा रबर सागावर काळा डाग पाडतोय.

भावाला मेसेज केलाय, क्रॉस स्टॉप कॅन्सल, 6 चा एक जादा कटर आणि 6 बाय 40 चे डॉमिनो आण. ट्रिम स्टॉपचं अजून नक्की नाही, शटर झाल्यावर बहिणीला खुर्च्या पण हव्यात म्हणे.

सागवानी

क्लॅम्पखाली 4 च्या प्लायचा बारका तुकडा ठेवा, डाग पडणार नाही. खुर्च्यांचे पाय निमुळते असतील तर मला आधी विचारा, निमुळत्या पायाला ट्रिम स्टॉपचा काही उपयोग नाही, त्याला पाय समांतर लागतो.

वसईचं_वर्कशॉप

निमुळता करायच्या आधी चौकोनी असतानाच खाच मारायची असते ताई, मग लागतो की.

सागवानी

हो, ते बरोबर. पण मग प्लाय पण लागतोच 😀