गिरगावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पूर्वी कोण राहत होतं, हे शोधायचं कसं?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग ठाकुरद्वारजवळ, आत गल्लीत. तळमजला अधिक तीन मजले, लाकडी जिना, पुढे सलग गॅलरी, मागे सामायिक नळ. रिडेव्हलपमेंटचं आता नक्की झालंय, पावसाळा संपला की खोल्या रिकाम्या करायच्यात.

लहानपणापासून ऐकत आलोय की दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत संगीत नाटकातले एक मोठे गायक नट राहायचे. नाव इथे लिहीत नाही, हातात कागद नसताना कुणाचं नाव चिकटवणं बरोबर नाही. आजीच्या वेळच्या बायका सांगायच्या की पहाटे त्यांचा रियाज सुरू झाला की नळावरची भांडणं आपोआप थांबायची. दुसरं म्हणजे टिळक गणपतीत येऊन गेले असंही सगळे सांगतात.

पुरावा म्हणावा असं एकच आहे, जिन्याच्या तोंडाशी भिंतीत बसवलेला दगड. त्यावर गुजरातीत मूळ मालकाचं नाव आणि खाली संवत 1968. यावरून आमच्यातले निम्मे लोक म्हणतात बिल्डिंग 1968 सालची आहे, मला ते पटत नाही कारण आजोबा त्याच्या कितीतरी आधीपासून इथे भाड्याने होते.

कोण राहत होतं ते खात्रीने कळायला कुठे जायचं, काय मागायचं? घर पडल्यावर विचारायला माणसंही एका जागी राहणार नाहीत, म्हणून घाई आहे. आणि नुसती ऐकीव गोष्ट म्हणून हे सगळं संपावं असं मला खरंच वाटत नाही.

जुनं_दफ्तर

आधी दगडाचं बघू. तो विक्रम संवत आहे. त्यातून 56 किंवा 57 वजा केले की इंग्रजी साल येतं (दिवाळीच्या आधी की नंतर यावर ते एक वर्ष इकडे तिकडे होतं), म्हणजे तुमची बिल्डिंग 1911-12 ची. मराठी मालकाची असती तर बहुतेक शके लिहिलं असतं, त्यात 78 मिळवायचे. साल जुळतंय सुद्धा. 1896 ला मुंबईत प्लेग आला, त्यानंतर 1898 मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, दाटीवाटीच्या वस्त्या फोडून नवे रस्ते केले, तुमच्याजवळचा सँडहर्स्ट रोड त्यातलाच. त्या वीसेक वर्षांत या पट्ट्यात भराभर चाळी उभ्या राहिल्या. आणि ही माहिती नुसती हौसेची नाही, 1 सप्टेंबर 1940 च्या आधीची इमारत उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या) इमारतींमध्ये 'अ' श्रेणीत येते, तेव्हा 1968 म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे नीट समजावून सांगा.

आता माणसं. पहिला कागद म्हणजे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या करनिर्धारण खात्याचा इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट. भाडेकरू असल्याचा पुरावा म्हणून लोक तो काढतातच, पण त्यात मजला, खोली, भाडेकरूचं नाव आणि भाडं असं ओळीने असतं, तेव्हा जितक्या जुन्या सालाचा मिळेल तितका मागा. दुसरं, सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, त्यात मालकी कुणाकडून कुणाकडे गेली ते कळतं. भाडेकरू त्यात सापडत नाहीत, पण मालकाचं घराणं कळलं की त्यांच्याकडे भाड्याच्या वह्या आहेत का हे विचारता येतं, आणि भाड्याची वही मिळाली तर सोनंच.

एक मोठी अडचण आधीच सांगतो. रस्त्यांची नावं बदललीत, त्यामुळे जुन्या पत्त्यात तुमची गल्ली वेगळ्याच नावाने दडलेली असेल. सँडहर्स्ट रोड म्हणजे आताचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, गिरगाव रोडचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग झाला, कांदेवाडीचा खाडिलकर रोड झाला. शोधताना दोन्ही नावं घ्या. इमारतीचे नंबर सुद्धा मधे बदललेले असतात, म्हणून दारांवरच्या जुन्या निळ्या पांढऱ्या इनॅमलच्या पाट्या कुणी काढून भंगारात द्यायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवा.

पोयबावडीकर

वरच्या प्रतिसादात सगळं आलंय, मी परळचं उदाहरण देतो म्हणजे पत्ता किती कामाचा असतो ते कळेल.

दामोदर हॉलजवळच्या बीआयटी चाळीत, एक नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब राहत होते, 1912 ते 1934. बीआयटी म्हणजे वर ज्याचा उल्लेख आला तोच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, लोक त्याची बीडीडी चाळींशी गल्लत करतात, त्या नंतरच्या, 1920 नंतर बांधलेल्या. बावीस वर्षं हो! कोलंबियाला गेले ते इथून आणि परत आले ते इथेच, पुढे लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्यावर सुद्धा कुटुंब याच दोन खोल्यांत होतं. एका खोलीत संसार, दुसरीत पुस्तकं आणि भेटायला येणारी माणसं. शाहू महाराज याच चाळीत त्यांना भेटायला आले होते. नंतर हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून, आणि तिकडे गेले.

हे आज इतक्या खात्रीने खोलीच्या नंबरासकट सांगता येतं याचं कारण एकच, कागद आणि माणसं दोन्ही टिकली. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला, त्याची कचेरी पोयबावडीलाच हरारवाला बिल्डिंगमध्ये होती. 9 मार्च 1924 ची सभा दामोदर हॉलमध्ये झाली, त्यातूनच पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. घर, कचेरी, सभा सगळं पायी दहा मिनिटांच्या आत, नकाशावर मांडलं तर त्या माणसाचा दिवस कसा जात असेल ते दिसतं.

आता तुमच्याकडे लावून बघा. तुमचे गायक नट पहाटे रियाज करून संध्याकाळी कुठे जात होते? कुठल्या थिएटरात, कुठल्या क्लासला? आजूबाजूचे पत्ते जुळले की घराचा पत्ता जास्त पक्का होतो. आणि अजून एक, आमच्याकडे गिरण्यांच्या बाजूला शाहीर, युनियनवाले, तमाशातले कलावंत एका खोलीत दहा दहा जण राहून गेले, त्यांच्या नावाने कुणी भाडेपावतीच फाडली नाही. म्हणून पावतीवर नाव सापडलं नाही तर माणूस राहतच नव्हता असं समजू नका. पोटभाडेकरू असतील, खाणावळीत जेवून कुणाच्या खोलीत झोपणारे असतील.

साहित्य_संघाजवळ

गायक होते म्हणताय तर भाग अगदी बरोबर आहे. ऑपेरा हाऊसजवळ मोदी चेंबर्समध्ये देवधर मास्तरांची संगीत शाळा, 1925 पासूनची, कुमार गंधर्व लहान वयात तिथेच शिकायला आले. लक्ष्मीबागेत मैफली व्हायच्या. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ 1935 पासून, डॉ. भालेरावांनी नाटक जगावं म्हणून जे केलं त्यामुळे त्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. गाणारा बजावणारा माणूस ठाकुरद्वारला खोली घेऊन राहिला तर सगळं पायाखाली.

माझं मत असं की ऑफिसांच्या आधी छापील कागद बघा. नाटकांची हँडबिलं, संमेलनांच्या स्मरणिका, जुने दिवाळी अंक, कारण कलाकारांशी संपर्कासाठी पत्ता छापायची पद्धत होती. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, संस्था 1898 ची, जुनी मासिकं बसून वाचता येतात. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारी पुराभिलेखागार आहे, पण तिथे नेमकं काय हवं ते ठरवून जा, नाहीतर दिवस फुकट जातो. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहेच, जुन्या डिरेक्टऱ्यांसाठी.

आणि घरातले ट्रंका, पेट्या! पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, दुःखवट्याची पत्रं. पोस्टकार्डावर पत्ता आणि तारखेचा शिक्का एकत्र असतो, यापेक्षा सरळ पुरावा दुसरा कुठला नाही.

आंग्रेवाडी_पलीकडे

टिळकांबद्दल थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. गिरगावातल्या प्रत्येक चाळीत टिळक येऊन गेलेले असतात. ज्याची नोंद आहे ती केशवजी नाईक चाळ, खाडिलकर रोडवर, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती तिथला, 1893 चा, आणि टिळक तिथे आले ते 1901 मध्ये. मुंबईत त्यांचा मुक्काम क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या सरदारगृहात असायचा, 1 ऑगस्ट 1920 ला ते गेले ते तिथेच, अंत्ययात्रा चौपाटीवर आली. म्हणजे सरदारगृहात मुक्काम, केशवजी नाईक चाळीत भेट. दोन्हींना आपापली जागा आहे, पण दोन्हींच्या पाटीवर 'येथे राहत होते' लिहिलं तर चूक होईल. गावदेवीचं मणिभवन घ्या, ते घर रेवाशंकर झवेरींचं, गांधीजी 1917 ते 1934 मुंबईत आले की तिथे उतरायचे. पाहुणेच, पण सतरा वर्षं त्या घरातून चळवळी चालल्या, त्याला निव्वळ भेट कसं म्हणणार.

तेव्हा तुमच्या मंडळाच्या गणपतीच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या, कार्यक्रमपत्रिका शोधा. वक्त्याला टांगा पाठवला असेल, हार आणला असेल, तर खर्च पडलेला असणार. ती नोंद मिळाली नाही तर टिळकांचं नाव बाजूला ठेवा, गायक नटांच्या मागे लागा, तुमची खरी गोष्ट तीच आहे. बिल्डिंगचं मोठेपण फक्त मोठ्या नावावर ठरू नये असंही मला वाटतं, जी बायकामाणसं नळावर गाणं ऐकत थांबायची ती सुद्धा तिथलीच रहिवासी ना.

माहेर_गिरगाव

मी एवढंच सांगेन की माणसं आधी गाठा, ऑफिसं पुढच्या महिन्यातही असतील. आमच्याकडची जागा मेट्रोच्या कामात गेली तेव्हा शेजारी चहू दिशांना पांगले आणि दोन वर्षांत बोलणारे कितीतरी कमी झाले. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण "कोण राहत होतं" असं थेट विचारू नका, सगळे एकमेकांचं ऐकून तेच उत्तर देतात. त्यांना गॅलरीत उभं करा आणि एका टोकापासून प्रत्येक दाराशी विचारा, या खोलीत तुमच्या लग्नाच्या वेळी कोण होतं, त्यांच्याआधी कोण. प्रत्येकाशी वेगळं बसा. तीन जणांनी न ठरवता एकच नाव सांगितलं तर वजन येतं. माझ्या मावशीने असंच बोलता बोलता सांगितलं की आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यातल्या खोलीत दोन तंबोरे टेकवायला भिंतीत लाकडी खोबण केलेली होती, रंगाच्या थराखाली ती खरंच निघाली.

तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. संवतचा हिशोब कालच सगळ्यांना सांगितला, 1911-12 ऐकून खाली दुकानवाले काका धावत दगड बघायला आले.

दोन गोष्टी झाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी एकटीशी बोललो, त्यांनी नाव तेच सांगितलं पण खोली कोपऱ्यातली नाही, जिन्यालगतची. आणि त्या म्हणाल्या ते स्वतः भाडेकरू नव्हते, नाटक कंपनीतल्या कुणाच्या तरी खोलीत राहायचे, म्हणजे पोयबावडीकरांनी लिहिलंय तसंच. आता कुणाच्या नावाने पावती शोधायची तेच कळत नाही.

दुसरा प्रश्न, मालमत्ता पत्रकासाठी सी.एस. (सिटी सर्व्हे) नंबर लागतो म्हणे, तो आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आणि दगड नव्या बिल्डिंगमध्ये बसवायला बिल्डर तयार होईल का?

जुनं_दफ्तर

सी.एस. नंबर रिपेअर बोर्डाच्या (जुन्या इमारतींची दुरुस्ती बघणारं म्हाडाचं मंडळ) नोटिशीवर असतो, रिडेव्हलपमेंटच्या सगळ्या कागदांवर तर असणारच, तुमच्या कमिटीकडे फाईल आहे त्यात बघा.

पावतीचं म्हणाल तर जिन्यालगतच्या खोलीचा एक्स्ट्रॅक्ट काढा, भाडेकरूचं जे नाव येईल ते नाटक कंपन्यांच्या जाहिरातींत आणि हँडबिलांत शोधा. कंपनी कळली की तिचे मुंबईतले प्रयोग कधी होते ते त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून काढता येतं, आणि काकूंनी सांगितलेला काळ त्याच्याशी जुळतो का ते बघायचं.

दगडाचं तोंडी ठरवू नका. करारात एक ओळ घालायला लावा, दगड अखंड काढून नव्या इमारतीच्या प्रवेशाशी बसवायचा, आणि पाडकामाचा ठेकेदार येण्याच्या आधी तुमच्या देखत काढायचा. एकदा ब्रेकर चालला की कोणी थांबत नाही. काढायच्या आधी मापं घ्या, आणि तिरक्या उन्हात फोटो घ्या, पुसट अक्षरं सावलीमुळे वाचता येतात. मालकाच्या नावाखाली बारीक अक्षरात अजून एखादी ओळ आहे का तेही तेव्हाच बघा, बांधणाऱ्या कंत्राटदाराचं नाव कधी कधी तिथे असतं. फोटो इथे टाका, गुजराती वाचणारे आहेत आपल्यात.