शाळांच्या संगणक खरेदीची निविदा: जिल्ह्याची एकच, की तालुक्यांचे गट पाडून?

गोदाकाठ
जिल्हा परिषद शाळांना संगणक कक्ष द्यायचे ठरले की बहुतेक वेळा पूर्ण जिल्ह्याची एकच निविदा निघते आणि सगळे काम एकाच पुरवठादाराकडे जाते. माझा या पद्धतीला विरोध आहे. मागणी एकत्र करा, सूचनाही एकच काढा, पण आत तालुक्यांचे गट पाडा. प्रत्येक गटाची बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची ठेव) वेगळी, दरपत्रक वेगळे, पुरवठा आदेश वेगळा.

आकडा मांडतो. समग्र शिक्षा अभियानात संगणक कक्षासाठी एका शाळेला एकवेळचे जास्तीत जास्त ६.४० लाख आणि आवर्ती खर्चासाठी दर वर्षी २.४० लाख, असे पाच वर्षे, ही तरतूद आहे. ६० शाळा धरल्या तर एकवेळचाच खर्च ३ कोटी ८४ लाख होतो. या रकमेच्या प्रमाणात वार्षिक उलाढाल आणि आधीच्या कामाचा अनुभव मागितला की लातूर-परभणीचा चांगला विक्रेता पहिल्या, म्हणजे पात्रता तपासण्याच्या, लिफाफ्यातच बाद. मग काम मिळते बाहेरच्या मोठ्या फर्मला आणि ती ते इथल्याच कुणाला तरी तोंडी उपकंत्राटावर देते. त्या माणसाशी कार्यालयाचा करारच नसतो, त्यामुळे तक्रार करायची कुणाकडे? त्याच ६० शाळांचे १२-१२ चे पाच गट केले तर एक गट पाऊण कोटीच्या जरा वर राहतो आणि स्थानिक फर्म पात्र ठरू शकते.

दुसरे कारण अंतराचे. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत. किनवट, माहूर जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरहून लांब. यूपीएसचा एक फ्यूज बदलायला तिकडे माणूस पाठवायचा तर फ्यूजपेक्षा गाडीभाडे कितीतरी जास्त. पैसे एकदा पूर्ण मिळाले की ती फेरी कोण मारणार?

लेखाशाखा
गोदाकाठ सर, गट पाडण्याला नियमाची अडचण नाही, हे आधी स्पष्ट करतो. उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेत मनाई आहे ती मागणीचे तुकडे पाडून निविदेसाठी ठरलेल्या रकमेच्या मर्यादेखाली आणण्याला. एकाच सूचनेत, एकाच सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने गट ठेवले तर ते तुकडे ठरत नाहीत. फक्त प्रशासकीय मान्यतेच्या टिपणीत गटांची संख्या आणि कारण आधीच लिहा. निविदा उघडल्यावर लिहिलेले कारण लेखापरीक्षणात टिकत नाही.

तरीही मी एकाच निविदेच्या बाजूने आहे, आणि ते दरामुळे. ६०० संगणकांची एकत्र मागणी असेल तर उत्पादक कंपनी प्रकल्पासाठी खास दर देते. १२० ला तो दर मिळत नाही. पाच गटांत पाच फर्म निवडून आल्या तर त्याच मॉडेलचे पाच दर येतात. किनवट गटात यंत्रामागे तीन हजार जास्त का दिले, असा आक्षेप आला की उत्तर देताना कार्यालय अडकते. सगळ्यांना सर्वांत कमी दरावर आणायला वाटाघाट करावी लागते. एखादी फर्म नकार देते, त्या गटाची फेरनिविदा होते आणि तोवर मार्च संपतो.

तिसरी गोष्ट, लांबच्या गटाला कधी कधी निविदाच येत नाही. शहराजवळच्या गटावर उड्या पडतात, डोंगराकडचा गट तसाच राहतो. एकाच निविदेत निदान त्याला जवळच्याबरोबर बांधता येते.

गोदाकाठ
लेखाशाखा सर, लांबचा गट रिकामा राहतो तो तालुके नकाशा बघून जोडल्यामुळे. प्रत्येक गटात एक जवळचा आणि एक लांबचा तालुका घाला, म्हणजे तो प्रश्न मिटतो. दरफरकाचे उत्तरही निविदेतच देता येते. पुरवठ्याचा दर आणि पाच वर्षांच्या देखभालीचा दर असे दोन रकाने ठेवा, बेरजेवर निम्नतम ठरवा. मग किनवटचा जास्तीचा खर्च देखभालीच्या रकान्यात दिसेल, यंत्राच्या किमतीत लपणार नाही.

वायर_ते_वर्ग
गट किती, यावर भांडण चाललंय. पण कक्ष बंद पडतात ते विजेमुळं आणि निविदेत विजेला जेमतेम एक ओळ असते. त्यावर सविस्तर लिहितो.

‘३ केव्हीए ऑनलाइन यूपीएस, १ तास बॅकअप’ एवढंच लिहिलं की पुरवठादार हलक्या बॅटऱ्या बसवतो आणि चाचणी दोन संगणक चालू ठेवून दाखवतो. बॅकअप तासात मागू नका, व्हीएएचमध्ये मागा, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास (एएच). १० संगणक मॉनिटरसह अंदाजे १००० वॅट घेतात. १२ व्होल्ट ४२ एएचच्या ८ बॅटऱ्या म्हणजे ४०३२ व्हीएएच. त्यातली ८० टक्केच वापरायची आणि यूपीएसमधली घट धरायची, तरी नव्या बॅटरीवर दोन ते अडीच तास निघतात. ७ एएचच्या ८ बॅटऱ्या दिल्या तर ६७२ व्हीएएच, म्हणजे अर्धा तासही नाही. यूपीएस दोन्हींत ३ केव्हीएचाच असतो, म्हणून कागदावर दोघेही पात्र ठरतात.

आपल्याकडचा उन्हाळा धरलाच पाहिजे. सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं. त्यापुढं दर १० अंशांना ते साधारण निम्म्यावर येतं. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांच्या वर तापमान जातं, तिथं पाच वर्षांची हमी लिहून घेऊनही बॅटरी दोन वर्षांत बसते. त्यामुळं बॅटरी बदलण्याचा दर देखभालीच्या रकान्यात आधीच घ्या: पाच वर्षांत एक पूर्ण संच. शक्यतो कक्ष स्लॅबच्या खोलीतच द्यायचा, ही अट शाळा निवडतानाच घाला.

आता अर्थिंग. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल जाते, अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते आणि रोध वाढतो. पावसाळ्यात घेतलेलं मोजमाप मे महिन्यात टिकत नाही. बालाघाटाच्या डोंगराकडं उलटी अडचण: थोडं खोदलं की बेसाल्टचा खडक लागतो. ३ मीटरचा पाइप दीड मीटरवर कापून पुरला जातो आणि वरून सिमेंटचा चौकोन केला की कुणाला कळत नाही. म्हणून निविदेत लिहा की खोली मिळाली नाही तर दोन खड्डे समांतर जोडायचे, खड्डा बुजवण्यापूर्वी टेप लावलेला फोटो द्यायचा आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज ३ व्होल्टच्या आत मोजून दाखवायचं. पाणी घालायची नळी झाकणाबाहेर ठेवायची.

आणखी एक. मंजूर वीजभार १ किलोवॅट असलेल्या शाळेत १० संगणक, यूपीएसचं चार्जिंग आणि पंखे मिळून भार त्याच्या वर जातो. भारवाढीचा अर्ज महावितरणकडं निविदेच्या आधी गेला पाहिजे. बिल थकून जोडणी तोडलेली शाळा यादीत नको.

दुकान_ते_तालुका
विक्रेत्याच्या बाजूनं बोलतो. पुरवठादार सेवा देत नाहीत असं सगळे म्हणायलेत, पण निविदेत पैसे कधी मिळणार ते लिहिलेलं असतंय का? ‘निधी उपलब्धतेनुसार देयक अदा’ ही ओळ वाचली की आम्ही सहा महिन्यांचं व्याज दरात धरतो. दर १८० दिवस वैध ठेवा म्हणलं की रॅम, एसएसडीच्या भाववाढीचा धोका पण धरतो. ९० दिवसांची वैधता ठेवा आणि देयकाचे टप्पे नक्की करा: शाळेत बसवून चाचणी झाल्यावर ७० टक्के, ३० दिवस चालल्यावर २० टक्के, उरलेले १० टक्के सुरक्षा अनामत म्हणून, दर वर्षी थोडे सोडायचे. हे लेखी असेल तर दर कमी येतोच.

उत्पादकाच्या अधिकारपत्राचं पण बघा. ते पत्र निविदेच्या क्रमांकासहित मागतात. कंपनी ते एकाच आवडत्या भागीदाराला देते आणि बाकीचे बाद होतात. गट केले तरी ही अट तशीच ठेवली तर पाचही गटांत एकच फर्म दिसेल. पर्याय म्हणून अधिकृत विक्रेता असल्याचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र आणि हमी थेट कंपनीची असल्याचं पत्र पुरवठ्याच्या वेळी घ्या.

आणि एका पॅकेजात संगणक, यूपीएस, टेबल-खुर्च्या, वायरिंग, प्रोजेक्टर सगळं कोंबू नका. फर्निचरवाला संगणकात पात्र होत नाही, संगणकवाला वायरिंगच्या परवान्यात.

एकसूत्र
शेवटच्या मुद्द्याशी मी अजिबात सहमत नाही. वायरिंग आणि यूपीएस संगणकापासून तोडले की पहिल्याच बिघाडाला ढकलाढकली सुरू होते. एसएमपीएस (संगणकातला वीजपुरवठ्याचा भाग) जळाला की संगणकवाला अर्थिंगकडे बोट दाखवतो, वायरिंगवाला संगणकाकडे, आणि मुख्याध्यापक मध्ये अडकतात. संगणक, यूपीएस, वायरिंग, अर्थिंग एकाच जबाबदारीत हवे. फर्निचर आणि प्रोजेक्टर खुशाल वेगळे करा.

मी जिल्ह्याच्या एकाच निविदेच्या बाजूने आहे, पण पुरवठ्याच्या जागेबाबत अट घालून. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर माल स्वीकारणारा म्हणून जिल्ह्याच्या गोदामाचे नाव टाकले की माल तिथे उतरतो, स्वीकृती प्रमाणपत्र तिथेच निघते आणि हमीही तिथूनच मोजली जाते. खोकी गोदामात तीन महिने पडून राहतात. प्रमाणपत्र द्यायला दहा दिवस असतात आणि त्यानंतर लवकरच देयकाची मुदत येते, त्यामुळे शाळेत वायरिंग व्हायच्या आत पैसे गेलेले असतात. शाळानिहाय पत्त्यांची यादी निविदेसोबत जोडा आणि हमी बसवल्याच्या तारखेपासून घ्या. हे केले तर गट एक असो की पाच, फार फरक पडत नाही.

तांत्रिक विनिर्देश जुन्या निविदेतून उतरवणे ताबडतोब थांबले पाहिजे. नुसते ‘आय३ प्रोसेसर’ लिहिले तर गोदामात पडलेली जुनी पिढी येते. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षा चिप) लागतो. म्हणून पिढी लिहा: १२ वी किंवा पुढची, तुल्यबळ रायझन चालेल. ८ जीबी रॅम एकाच पट्टीत म्हणजे दुसरी जागा मोकळी राहते, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी. शैक्षणिक परवाना स्वस्त म्हणून मागताना लक्षात ठेवा की मायक्रोसॉफ्टचा शैक्षणिक व्हॉल्यूम परवाना मूळ विंडोजवर चढवायचा असतो. मूळ परवाना नसलेल्या रिकाम्या यंत्रावर तो ग्राह्य नाही.

दुकान_ते_तालुका
एकसूत्र सर, एकाच जबाबदारीचं पटतंय. मग वायरिंगसाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराशी लेखी करार चालेल असं निविदेत लिहा. निविदाकाराचाच परवाना मागू नका.

शाळा_समिती
तुम्ही सगळे जिल्हा आणि तालुक्यातच अडकलात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे, पैसे तिच्या खात्यावर टाका. गावातले पालक दुकानदाराला ओळखतात, यंत्र बंद पडले तर संध्याकाळी जाऊन बोलावून आणतात. इतकी जलद सेवा कुठल्या करारात मिळते?

लेखाशाखा
समितीने घ्यायच्या खरेदीत तीन दरपत्रके लागतात, आणि तिन्ही एकाच दुकानातून तीन लेटरहेडवर आल्याचे अक्षर आणि तारीख बघूनच कळते. ६.४० लाखांच्या खरेदीला ती पद्धत पुरत नाही. शिवाय शाळागणिक वेगळे मॉडेल आले तर सुटे भाग, प्रशिक्षण, सॉफ्टवेअरची तयार प्रतिमा (इमेज) यंत्रात घालणे, सगळे वेगळे. समितीला खरेदी देऊ नये, स्वीकृती मात्र तिच्याच सहीने व्हावी.

शाळा_समिती
मग त्या सहीला वजन द्या. आज मुख्याध्यापकांना ‘१० नग मिळाले’ एवढीच पोच द्यायला सांगतात. पोचेऐवजी तपासणीचा तक्ता निविदेलाच जोडा:
– प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमीची तारीख बघणे
– टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि एसएसडीचा प्रकार
– सेटिंग्जमध्ये विंडोज सक्रिय आहे का
– बॅटरीवरचा निर्मितीचा महिना
– दहाही संगणक चालू ठेवून मेन स्विच बंद, एक तास थांबणे
– जडवस्तू संग्रह नोंदवहीत अनुक्रमांकासह नोंद
त्यावर मुख्याध्यापक, समितीचा एक पालक आणि केंद्रप्रमुखांची सही झाल्याशिवाय ७० टक्के सुटू नयेत.

वायर_ते_वर्ग
त्या तक्त्यात अर्थिंगचं मोजमाप दोनदा घाला, एकदा बसवताना आणि एकदा पुढच्या मे महिन्यात. २० टक्क्यांच्या टप्प्यातला काही हिस्सा मे महिन्याच्या मोजमापाला बांधा.

एकसूत्र
मेपर्यंत पैसे थांबवायचे तर निधी वर्षाअखेर परत जाईल. अनामतीला बांधा, देयकाला नको. आणि दंडाचं बघा: पुरवठ्याच्या उशिराला आठवड्याला ०.५ टक्के, कमाल १० टक्के, ही जेमची नेहमीची अट असते. पण दुरुस्तीच्या उशिराला बहुतेक निविदांत काहीच नसते. तक्रारीनंतर ७२ तासांत यंत्र चालू झाले नाही तर दर दिवसाला प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम अनामतीतून वळती करायची, असे लिहा. तक्रार फोनवर नको, क्रमांक मिळेल अशी हवी, नाहीतर ७२ तास कधीपासून मोजायचे यावरच वाद होतो.

गोदाकाठ
दुरुस्तीचा दंड आणि शाळेत स्वीकृती या दोन्ही गोष्टी मी माझ्या मांडणीत घेतो. गटांवर मात्र ठाम आहे. हिंगोलीत पाच तालुके आहेत, तिथे एक किंवा दोन गट पुरे. नांदेड, बीड, छत्रपती संभाजीनगर इथे चारपाच लागतीलच. सोयगावच्या यंत्राला ७२ तासांत हात लावायचा तर माणूस सिल्लोडकडे बसलेला हवा, पुण्यात नव्हे.

लेखाशाखा
माणूस सिल्लोडला बसावा यासाठी गटच कशाला? प्रत्येक दोन तालुक्यांमागे एक सेवा केंद्र, त्याचा भाडेकरार आणि तंत्रज्ञाचे नियुक्तिपत्र करारनाम्यापूर्वी, आणि केंद्र बंद आढळले तर अनामत जप्त, अशी अट एकाच निविदेत घालता येते. दरही एकच राहतो.

दुकान_ते_तालुका
भाडेकरार अकरा महिन्यांचा दाखवतात सर, करार पाच वर्षांचा असतोय. दर वर्षी अनामतीचा हप्ता सोडायच्या आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी जाऊन केंद्र बघायचं, सुट्या भागांचा साठा मोजायचा: गटामागं निदान ५ एसएमपीएस, ५ एसएसडी, १० माउस-कीबोर्ड, एक पर्यायी यूपीएस. साठा नसेल तर हप्ता नाही. ही अट घाला, मग गट एक ठेवा की पाच, निविदा भरताना प्रत्येक जण खरा खर्च धरून भरेल.