व्ही-क्रॉस २ इंच उचलायची आहे, घरी जमेल का?

इसुझू व्ही-क्रॉस पिकअप. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे. पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरची जोडी) ५० मिमीचा स्पेसर (जाड चकती) आणि मागे ॲक्सल व पाट्यांच्या मध्ये ५० मिमीचा ब्लॉक टाकणार आहे. काय चुकतंय?

डोंगरवाट: पुढचा स्पेसर चुकतोय. स्ट्रट चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या मधोमध बसतो, त्यामुळे स्पेसरच्या जाडीच्या साधारण दुप्पट गाडी उचलते. २५ मिमी पुरे. ५० घातलात तर सीव्ही जॉइंट (पुढची चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) आणि वरच्या आर्मचा बॉल जॉइंट वाकड्या कोनात जातील, त्यांची रबरी आवरणं (बूट) फाटतील. मागे ब्लॉक एकच, दोन एकावर एक नकोत. ॲक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट लांब आणि नवेच घ्या. जुन्याचे आटे ताणलेले असतात.

पाना_१९: चासी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर भरवसा नको. स्ट्रट काढताना हब (चाक बसतं तो भाग) खाली लोंबकळू देऊ नका, ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जाते. आणि आर्मचे बोल्ट चाकं जमिनीवर आल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले की रबरी बुश कायम पिळलेला राहतो, चिरतो.

डोंगरवाट: मागच्या ॲक्सलला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह (वजनानुसार मागचे ब्रेक कमी-जास्त करणारा) जोडलेला असेल तर त्याचा ब्रॅकेटही तेवढाच सरकवा, नाहीतर त्याला गाडी रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. नंतर अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत खाली. ५०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा.

पाना_१९: मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आधी वाचा, दादा.