वादळाच्या गोष्टीतून मुलांना कोणता धडा सांगू?

काठावरची (प्रश्न)

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

मी गेली ९ वर्षं संडे स्कूलला शिकवते, १० ते १२ वर्षांच्या मुलांना. आमच्या वर्गाची पद्धत ठरलेली आहे. शुभवर्तमानातला (येशूची गोष्ट सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान ह्या चार पुस्तकांतला) एक भाग वाचायचा, गोष्ट सांगायची आणि शेवटी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'धडा' असं लिहून त्याखाली एक ओळ. मुलं ती ओळ वहीत उतरवून घेतात. मार्क ४ मधली, येशू शिष्यांबरोबर मचव्यात असताना उठलेल्या वादळाची गोष्ट मी निदान ६ वेळा शिकवली असेन आणि दर वेळी त्याखाली एकच ओळ लिहिली: 'विश्वास ठेवा, म्हणजे येशू तुमच्या आयुष्यातलं वादळ शांत करील.'

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. ७ महिने आजारी होता. त्या ७ महिन्यांत त्याच्या उशाशी बसून मी हीच ओळ त्याला कितीदा सांगितली, त्याचा हिशोब नाही. शेवटी शेवटी एका रात्री मी त्याला चमच्याने पाणी पाजत होते. एक घोट घेऊन तो थांबला आणि म्हणाला, "ताई, माझाच विश्वास कमी पडतोय का गं?" मी "नाही रे, असं काय बोलतोस" म्हणाले. पण तो प्रश्न त्याच्या मनात घातला कोणी? मीच. माझ्या फळ्यावरची ओळ त्याच्या अंथरुणापर्यंत पोचली होती.

तेव्हापासून वाचन सुटलेलं नाही, पण धडा लिहायला घेतला की हात थांबतो. येत्या रविवारी पुन्हा मार्क ४ आहे. मागच्या वेळी मी तो भाग नुसता वाचून दाखवला, तर एका मुलाने हात वर केला. "बाई, बरोबर दुसरे मचवे पण होते ना? त्यांचं काय झालं?" मी वचन पुन्हा पाहिलं. ४:३६ मध्ये खरंच आहे, दुसरेही मचवे त्याच्याबरोबर होते. इतक्या वर्षांत ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

शुभवर्तमानातून विश्वासासाठी धडा काढायचा तरी कसा? की काढूच नये? एक विनंती, 'देवाची योजना होती' असं कृपा करून लिहू नका. ते मला पुष्कळांनी सांगून झालं आहे.

जुना कंदील

ताई, तुमच्या भावाचा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

माझी पत्नी २ वर्षं अंथरुणाला खिळून होती. डोळेही गेले होते, म्हणून रोज संध्याकाळी मी तिला मार्क वाचून दाखवायचो. शुभवर्तमानांत सर्वांत लहान, १६ अध्याय. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी घाईने वाचणारा माणूस. ती मधेच हात उचलायची आणि म्हणायची, "थांबा. आधी काय झालं, ते परत वाचा." शुभवर्तमान कसं वाचावं, हे मी पुस्तकांतून कमी आणि तिच्या त्या उचललेल्या हातातून जास्त शिकलो.

वादळाच्या गोष्टीतही तिने मला असंच थांबवलं होतं. तुम्ही आज परत वाचा, क्रम बघा. तो मचव्याच्या मागल्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपला आहे (उशी फक्त मार्कच सांगतो). पाणी आत शिरतंय. शिष्य त्याला उठवतात आणि म्हणतात काय, तर आम्ही बुडतोय, तुम्हाला त्याची काहीच पर्वा नाही का? मत्तयात हेच लोक "प्रभू, वाचवा" म्हणतात. मार्कात मात्र सरळ तक्रार आहे, जवळजवळ भांडणच. तो उठतो, वाऱ्याला दटावतो, वारा पडतो, सगळं निवांत होतं. आणि मग, हे सगळं झाल्यावर, तो विचारतो, तुम्हाला अजून विश्वास कसा नाही?

ताई, वादळ शांत झालं तेव्हा त्या मचव्यात विश्वास नव्हता! ते तोच सांगतो आहे. लूकमध्येही आधी वारा थांबतो आणि मग "तुमचा विश्वास कुठे आहे" हा प्रश्न येतो. मत्तयात बोलणं आधी येतं, पण तिथेही तो त्यांना अल्पविश्वासीच म्हणतो आणि तरीही उठतो. तिघांपैकी एकानेही 'विश्वास ठेवला म्हणून वादळ थांबलं' असं लिहिलेलं नाही. तुमच्या फळ्यावरची ओळ ह्या गोष्टीत नाहीच. ती आपण सगळ्यांनी बाहेरून आणून चिकटवली. मीही संदेशांत पुष्कळदा चिकटवली आहे, म्हणून हे सगळं तुमच्या एकटीच्या माथ्यावर घेऊ नका.

आता गेथशेमाने बाग बघा, येशूला धरून नेलं त्या रात्रीची, मार्क १४. मचव्यात तो झोपला होता आणि शिष्य घाबरून जागे होते. इथे तो घाबरून जागा आहे आणि शिष्य झोपलेत. अब्बा, बापा, तुला सर्व शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. चार शुभवर्तमानांत 'अब्बा' हा शब्द ह्या एकाच ठिकाणी आहे. जाऊन येऊन तो तेच मागतो. प्याला, म्हणजे पुढ्यातलं मरण, दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायला आपली जीभ उचलेल का? तुमच्या भावाने त्या रात्री तुम्हाला जे विचारलं, त्याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

मुलांना दाखवायला एक गोष्ट सांगतो. १९८६ साली दुष्काळाने गालील समुद्राचं पाणी ओसरलं, तेव्हा चिखलात येशूच्या काळातली एक होडी सापडली. सुमारे ८ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद. वर्गात जमिनीवर खडूने तेवढं माप आखा आणि १३ मुलं (बारा शिष्य आणि येशू) आत बसवा. पाणी आत येतंय आणि एक जण झोपलाय म्हणजे काय, ते त्यांना लगेच कळेल.

पायाभरणी

वरच्या भावांचं लिहिणं मनाला भिडलं, पण मला एक काळजी वाटते आणि ती मोकळेपणाने मांडतो.

धडा काढूच नये, इथपर्यंत आपण जाऊ नये. मत्तय ७ च्या शेवटी येशू स्वतः म्हणतो की जो ही वचनं ऐकतो आणि त्याप्रमाणे करतो, त्याने खडकावर घर बांधलं. मुलं वचन ऐकून नुसती हळहळून घरी गेली, तर ते वाळूवरचं बांधकाम होईल. आणि विश्वासाचा व बरं होण्याचा काही संबंधच नाही, असंही वचन म्हणत नाही. रक्तस्रावाच्या बाईला तो म्हणतो, "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे." आंधळ्या बार्तीमयालाही तेच. त्याच्या स्वतःच्या गावी, नासरेथात तर लोकांच्या अविश्वासामुळे त्याला काही महत्कृत्य करता आलं नाही, मार्क ६:५. ह्या जागा बाजूला ठेवून कसं चालेल? बहिणीच्या दुःखाबद्दल मनापासून सहानुभूती आहे. पण दुःखामुळे वचनाची धार कमी करू नये, एवढंच म्हणणं आहे.

जुना कंदील

पायाभरणी, तुमची काळजी खरी आहे आणि त्या जागा मी टाळणार नाही. तुम्ही जे ६:५ दिलंत, ते वचन तिथे संपत नाही. थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं, हे त्याच वचनात पुढे आहे. आणि तिथला अविश्वास कोणाचा? 'हा सुतारच ना, मरीयेचा मुलगा' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा. अंथरुणावरून हात पुढे करणाऱ्या कोणा आजाऱ्याचा तो नव्हता.

त्या बाईचं म्हणाल, तर ती १२ वर्षं आजारी होती, होतं नव्हतं ते वैद्यांवर खर्च झालेलं. गर्दीत मागून येऊन तिने कपड्याला हात लावला, आणि विचारणा झाली तेव्हा भीतीने कापत पाया पडली. त्या बाईला तो "मुली" म्हणून हाक मारतो आणि मग ते वाक्य बोलतो. कापणाऱ्या बाईला उभं करायला बोललेलं वाक्य आहे ते. तेच वाक्य उचलून आपण दुसऱ्या आजाऱ्याच्या उशाशी मोजपट्टीसारखं धरतो, तिथे आपलं चुकतं.

आणि मार्क २ विसरू नका. चौघांनी छप्पर उसकटून एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट खाली सोडलं. तिथे लिहिलंय, येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. बाजेवरचा माणूस सबंध गोष्टीत एक अक्षर बोलत नाही. तो विश्वास धरू शकत होता की नाही, मार्क सांगत नाही. उचलून आणणाऱ्यांचा दिसला, तेवढा पुरला. ताई, ७ महिने चमच्याने पाणी पाजणं म्हणजे बाजेचा एक कोपरा धरणंच आहे.

ऐकून करायचं, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. फक्त 'काय करायचं' हे ठरवण्याआधी गोष्टीत काय झालंय ते नीट वाचावं. माझी रीत सांगतो. एक भाग सलग ३ दिवस वाचतो. पहिल्या दिवशी फक्त क्रियापदांखाली रेघ मारतो: कोण उठला, कोण बोललं, कोण गप्प राहिलं. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट दुसऱ्या शुभवर्तमानात असेल तर शेजारी ठेवून बघतो. मला काय सांगायचंय ते तिसऱ्या दिवशी, आणि तेही नाही सुचलं तर पान तसंच सोडतो.

पहाटतारा

काठावरची ताई, मी फार शिकलेली नाही. माझाही भाऊच गेला, ४ वर्षं झाली. मला योहान ११ ने धरून ठेवलं, ते सांगते.

मार्था आणि मरीया ह्या बहिणींचा भाऊ लाजार मेला आहे. मार्था येशूला भेटते आणि म्हणते, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. नंतर मरीया येते. तीसुद्धा हेच म्हणते, जवळजवळ शब्दाला शब्द. दोघी बहिणी ४ दिवस एकमेकींशी हेच बोलत बसल्या असतील, असं मला वाटतं. पण तो दोघींना एकच उत्तर देत नाही. मार्थेशी तो बोलतो, पुनरुत्थान व जीवन मीच आहे, हे तिला सांगतो. मरीयेला रडताना पाहिलं तेव्हा त्याने उपदेश केला नाही. कबर कुठे आहे एवढं विचारलं आणि रडला. लाजाराला आता उठवणार हे ठाऊक असून रडला.

पहिलं वर्ष मी मरीया होते. लोक मला मार्थेचं उत्तर देत होते. आता मला मार्थेचं उत्तरही ऐकू येतं, पण त्याला वेळ लागला. तुम्ही सध्या कुठे आहात, ते तुम्हालाच माहीत. मात्र "तुम्ही इथे असता तर" हे वाक्य त्याच्यापुढे बोलायला भिऊ नका. दोघी बोलल्या, आणि त्याने एकीलाही दटावलं नाही.

काठावरची

रविवार झाला, म्हणून लिहायला आले.

पहाटतारा ताई, तुमचं उत्तर मी शनिवारी रात्री ३-४ वेळा वाचलं. बऱ्याच दिवसांनी मोकळं रडू आलं आणि त्यानंतर प्रार्थनाही झाली. प्रार्थना म्हणजे ते एकच वाक्य.

पायाभरणी, तुमचा राग आला होता, आता नाही. ऐकून करायचं, हे मी सोडणार नाही. मुलांना 'ह्या आठवड्यात जो घाबरलेला दिसेल त्याच्याजवळ जाऊन बसा' एवढं सांगितलं. ते फळ्यावर लिहिलं नाही, तोंडी सांगितलं.

जुना कंदील काका, खडूने होडी आखली आणि १३ मुलं आत बसवली. पेत्र हा शिष्य झालेल्या मुलाला मी सांगितलं, येशूला उठव. तो इतक्या जोरात ओरडला, "तुम्हाला काही वाटतं की नाही?", की बाकीची मुलं गप्प झाली. मग त्याने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बाई, असं येशूला बोललं तर चालतं?" मी म्हटलं, चाललं. तो उठला ना.

नंतर सगळ्यांना गोष्टीचं चित्र काढायला दिलं. दुसऱ्या मचव्यांचं विचारणारा मुलगा कोपऱ्यात बसला होता. त्याने मधला मचवा काढला, माणसं काढली, उशी काढली. मागे आणखी तीन मचवे काढले, पण तिन्ही रिकामे. मी विचारलं, ह्यांत माणसं का नाहीत? तर म्हणाला, "कोण होतं ते लिहिलेलं नाही, बाई. पण वारा थांबला तेव्हा पाणी सगळीकडचं शांत झालं असणार, म्हणून लाटा कुठेच काढल्या नाहीत."

ते चित्र मी मागून घेतलं आहे. भावाच्या बायबलमध्ये, मार्क ४ च्या पानात ठेवलंय.

पुढच्या रविवारी याईराच्या मुलीची गोष्ट आहे, येशूने मरणातून उठवलं तिची. ती १२ वर्षांची, माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलांएवढी. आजपासून क्रियापदांखाली रेघा मारायला घेतल्या आहेत.